फिलिप्पैपासून केडगावपर्यंत

कैदेत असलेल्या पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेले पत्र ही एका अर्थी देणगीची पोच आहे. मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती. तिचे आभार मानता मानता पौल सांगतो, की भरल्या घरात आणि उपासमारीतही संतुष्ट कसे राहावे हे तो शिकला आहे, आणि त्यासाठी लागणारे बळ त्याला ख्रिस्त देतो. हे पत्र इ. स. ६०च्या सुमाराचे. त्याच काळात रोममध्ये सेनेका मनाच्या स्वयंपूर्णतेचा उपदेश करत होता. पौल मात्र मदत संकोच न करता घेतो आणि देणाऱ्यांचीही गरज देव भागवील, अशी ग्वाही देतो. ख्रिस्ती संतोष असा देण्याघेण्यातून वाढला. तो निमूट सोसण्याचा धडा कधीच नव्हता.

त्याची मुळे पौलाच्याही आधीची आहेत. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठवला की नासत असे. नीतिसूत्रांतला आगूर देवाजवळ दारिद्र्य मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. पोट भरले की देवाचा विसर पडेल, ही भीती त्याला उपासमारीइतकीच खरी वाटते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणी आहे ती रोजच्या भाकरीची.

पुढे इजिप्तच्या वाळवंटात अंतोनीने आणि तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने मालमत्ताच सोडली. धर्मसुधारणेनंतर हा संतोष मठातून संसारी माणसाच्या घरात आला. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले असताना जेरेमाया बरोज यांनी संतोषावर दिलेली प्रवचने १६४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने निघाली.

या परंपरेला संस्थेचे रूप आले ते जर्मनीतल्या हाले येथे. १६९५ मध्ये तिथले पाळक ऑगुस्ट हेर्मान फ्रांके यांना दानपेटीत चार थालर आणि सोळा ग्रोशन सापडले. तेवढ्या भांडवलावर त्यांनी गरीब मुलांची शाळा काढली आणि तिच्यातून मोठे अनाथालय उभे राहिले. हालेत शिकलेला मिशनरी त्सिगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि हालेचा भारताशी संबंध जुळला.

हालेच्याच विद्यापीठात शिकलेले जॉर्ज म्युलर पुढे इंग्लंडला गेले. १८३०मध्ये त्यांनी पाळक म्हणून मिळणारा ठरावीक पगार सोडला. १८३५मध्ये फ्रांके यांचे चरित्र वाचल्यावर त्यांच्या मनातली अनाथालयाची कल्पना पक्की झाली आणि पुढच्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये ते सुरू झाले. नियम दोन होते: माणसाकडे पैसे मागायचे नाहीत आणि कर्ज काढायचे नाही. वार्षिक अहवाल छापला की गरज आपोआप लोकांना कळते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच १८४१च्या अखेरीस गंगाजळी आटली असताना त्यांनी अहवाल लांबणीवर टाकला. १८७०पर्यंत अ‍ॅशले डाउनवर पाच इमारती झाल्या आणि तिथे दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. आयुष्यभरात दहा लाखांहून अधिक पौंड त्यांच्या हातून गेले, पण १८९८मध्ये त्यांच्या मागे उरलेली मालमत्ता दोनशे पौंडांचीही नव्हती. टंचाईतला विश्वास आपल्याला दिपवून टाकतो. मला मात्र विपुलतेतला हा मोकळा हात अधिक कठीण वाटतो.

म्युलर यांचे चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचले आणि ती वाट महाराष्ट्रात पोहोचली. दुष्काळात आईवडील गमावलेल्या बाईंना पुस्तकातून भूक शिकायची नव्हती. त्यांनी १८८९मध्ये काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचे साहाय्य कबूल केले होते. मुदतीनंतर शाळा स्वतःच्या उत्पन्नावर चालावी म्हणून बाईंनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्याच जमिनीवर आसरा मिळाला आणि मुक्ती मिशन उभे राहिले. १९००च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास जीव होते. बाईंची भिस्त प्रार्थनेवर होती, तरी केडगावात शेती, विणकाम आणि छापखाना अखंड चालत होता. देवावर भार टाकणे म्हणजे काम टाकणे, असे त्यांनी कधी मानले नाही.

१९१७मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांच्या सढळ हातामुळे संसाराची जी ओढाताण झाली, ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळते. एकाच्या त्यागाची किंमत घरातल्या सगळ्यांना मोजावी लागते, हेही या परंपरेने विसरू नये.

उपाशी माणसाला संतोषाचा उपदेश करणे सोपे असते. पौलाने तो स्वतःविषयी सांगितला, आणि म्युलर व रमाबाईंनी स्वतःपुरता ठेवून दुसऱ्याचे ताट भरले. आपल्या पोटाची चिंता देवावर सोपवावी आणि शेजाऱ्याच्या पोटाची स्वतःच्या अंगावर घ्यावी, हाच या वारशाचा कस आहे.