बांधणीची गाठ आणि खाद्यरंगाचे मूळ

वस्त्राचे काही भाग घट्ट बांधून ते रंगात बुडवावयाचे आणि गाठी सोडल्यावर रंग न लागलेल्या जागांतून आकृती उमटू द्यावयाची, या कलेला अनेक भाषांत मिळालेले नाव रंगावरून पडलेले नाही. ‘बांधणी’ हा शब्द ‘बन्ध्’ धातूपासून आला. इंग्रजीतील ‘बँडाना’ हे हिंदी ‘बांधनू’चे रूप असून रेशमी रुमालांच्या व्यापाराबरोबर ते अठराव्या शतकात त्या भाषेत रुजले. जपानी ‘शिबोरी’च्या मुळाशी पिळण्याचे क्रियापद आहे. ‘टाय-डाय’ या इंग्रजी जोडनावात रंगाला स्थान मिळाले खरे, परंतु तेही दुसरे. नावांतील हा पक्षपात, निदान भारतापुरता तरी, अकारण नाही. येथे बांधणे हे घरच्या हातांचे काम होते आणि रंगविणे रंगाऱ्याचे.

या श्रमविभागाचा जुना पुरावा सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त आहे. चौथ्या उच्छ्वासात राज्यश्रीच्या विवाहाची सिद्धता चालली असता नाना आकृती रचण्यात निपुण अशा नगरातील वृद्ध स्त्रिया वस्त्रे बांधीत आहेत. अंतःपुरातील जाणत्या वृद्धांकडून सत्कार झालेले रजक ती रंगवीत आहेत. आणि सेवक दोन्ही टोके धरून, झुलवीत, ती सावलीत वाळवीत आहेत. वासुदेवशरण अग्रवाल यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अध्ययनात या वर्णनाचा अर्थ बांधणी असा लावला. तो ग्राह्य वाटतो, कारण बाण केवळ ठिपके सांगत नाही, क्रियांचा क्रम सांगतो. अजिंठ्याच्या चित्रांतील ठिपकेदार वस्त्रांचाही दाखला पुष्कळदा दिला जातो. परंतु ठिपका गाठीचा की ठशाचा, हे चित्रावरून ठरत नाही. कच्छमध्ये आजही गाठी प्रायः स्त्रिया घरी बसून बांधतात आणि रंगाचे काम खत्री कारागिरांकडे असते.

रंग घरात का आला नाही, याचे उत्तर सुती धाग्याच्या स्वभावात आहे. मंजिष्ठाचा तांबडा रंग सुतावर धरण्यास तुरटीचा हात द्यावा लागतो. नीळ पाण्यात विरघळत नसल्यामुळे तिची कुंडी आंबवून सिद्ध करावी लागते. स्वयंपाकघरातील हळद तेवढी विनासायास सुतावर चढते, पण उन्हात उडते आणि क्षाराने तांबडी होते. हळदीपासून कुंकू करण्याची रीत याच गुणावर उभी आहे. अशा रंगाला मराठी ‘कच्चा’ म्हणते आणि टिकणाऱ्याला ‘पक्का’. ‘पक्का’ म्हणजे मुळात ‘पक्व’, शिजलेला. रंगाऱ्याच्या धंद्यातील हा निर्णायक शब्द चुलीजवळचा आहे, ही गोष्ट कोशकारांनी नोंदविण्याजोगी आहे.

आता घरोघरी खाद्यरंग घेऊन बांधणीचे प्रयोग होतात, तेव्हा पाकशाळेतील पदार्थ वस्त्रावर आला असे वाटते. इतिहास उलट आहे. पर्किनने 1856 साली कृत्रिम जांभळा रंग काढल्यानंतर डांबरापासूनचे अनेक रंग लोकर व रेशीम यांसाठी निघाले आणि तेथून ते मिठाई, लोणी इत्यादींत शिरले. अमेरिकेत 1906 च्या अन्न व औषधी कायद्यानंतर, 1907 साली, अशा प्रचलित रंगांतून सात रंग खाण्यास योग्य म्हणून निवडण्यात आले. टार्ट्राझीन हा पिवळा रंग 1884 साली झीग्लरने सिद्ध केला तो लोकरीसाठी. रंगद्रव्यांच्या ‘कलर इंडेक्स’ या सूचीत त्याचा क्रमांक 19140 असा एकच आहे, मात्र नावे दोन: ‘ॲसिड यलो 23’ आणि ‘फूड यलो 4’. भारतात अनुमत असलेले पाँसो 4 आर, कार्मोइझीन आणि ब्रिलियंट ब्ल्यू हेही त्याच आम्लरंगांच्या गोत्रातले होत.

त्यामुळे रेशमी रुमाल बांधून, पाण्यात शिरका घालून, तापवून खाद्यरंगात ठेवला तर रंग चांगला धरतो. आम्लात प्रथिनयुक्त धाग्यावर धनभार येतो आणि रंगाचा ऋणभारित कण त्यास बिलगतो. सुतात प्रथिन नाही. तेथे शिरका कितीही ओतला तरी रंग धुण्यात जातो, आणि गाठ निर्दोष असूनही पांढऱ्या सुती सदऱ्यावरील नक्षी फिकी पडते. दोष बांधणाऱ्याच्या माथी मारला जातो, तो मात्र अन्याय आहे.

टार्ट्राझीनच्याच वर्षी, 1884 मध्ये, बटिगरने काँगो रेड हा तुरटीवाचून सुतावर चढणारा पहिला कृत्रिम रंग शोधला. परंतु तो बेंझिडिनापासून होतो, आणि बेंझिडिन कर्करोगकारक ठरले आहे. सुतासाठी घरी वापरता येईल असा पक्का रंग 1956 साली इंग्लंडमध्ये प्रोसियन या नावाने बाजारात आला. तो धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने थंड पाण्यातच धाग्याशी रासायनिक बंध करतो. रजकाचे काम अशा रीतीने घरात आले. मात्र त्यासाठी लागणारे पातेले स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळे ठेवावे लागते.