रिमवरचा गोंद काढताय? थिनर आणि ब्लेड आधी बाजूला ठेवा

मंगरूळपीरहून शेलूबाजारला येऊन समृद्धी महामार्गावर चढलं की कारला १२० ची वेगमर्यादा आहे. गावातल्या रस्त्यावर कधीच न जाणवलेली स्टिअरिंगची थरथर तिथे ८०-९० च्या पुढे जाणवायला लागते आणि गाडी व्हील बॅलन्सिंगला जाते. तिथे रिमच्या आतली जुनी वजनं, ज्यांना गॅरेजवाले वेट म्हणतात, उपटून नवीन चिकटवली जातात. जुन्यांच्या जागी उरतो काळपट, चिकट गोंद. अलॉय व्हीलवर गोंद दिसला तर तो बऱ्याचदा हाच असतो. नाहीतर मग काढलेल्या रेडियमच्या पट्टीचा किंवा दसऱ्याला हार अडकवायला लावलेल्या टेपचा.

हा गोंद फक्त दिसायला वाईट नाही. त्यावर काळ्या मातीची धूळ आणि ब्रेकची पावडर बसते आणि अशा थरावर लावलेलं नवीन वजन नीट धरत नाही. समजा २० ग्रॅमचं वजन उडालं. १२० च्या वेगात तेवढ्यानेच साधारण ४ ते ५ किलोचा ओढा तयार होतो, तोही सेकंदाला १७-१८ वेळा दिशा बदलत. ६० च्या वेगात तो याच्या चौथा हिस्सा असतो, म्हणून गावात काही कळत नाही.

आता गोंद काढायचा कशावरून? अलॉय व्हील ॲल्युमिनियमचं असतं, पण आपला हात सहसा धातूला लागत नाही. वर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. डायमंड कट रिमला तर चकाकत्या धातूवर फक्त हा पारदर्शक थरच असतो. ब्लेड, तारेची घासणी किंवा पॉलिश पेपर लागला की तो फाटतो, खाली पाणी शिरतं आणि काही महिन्यांत आत पांढऱ्या रेषा पसरायला लागतात. त्या बाहेरून पुसून जात नाहीत, रिम पुन्हा रंगवून घ्यावी लागते. थिनर आणि नेलपेंट रिमूव्हर हाच थर मऊ करतात. लोखंडी रिमवरच्या प्लास्टिकच्या व्हील कॅपवर तर ते टाकूच नका, प्लास्टिकच विरघळू शकतं. बाथरूमचं ॲसिड ॲल्युमिनियम खातं, त्यामुळे तो विषयच सोडा.

काम सावलीत आणि चाक थंड असताना करा. गाडी आत्ताच लांबून आली असेल तर ब्रेक तापलेले असतात, थोडं थांबा. आधी शॅम्पूच्या पाण्याने माती पूर्ण धुवा. हे टाळलं तर पुसताना तीच माती ओरखडे पाडते.

मग हेअर ड्रायरने गोंद एक-दोन मिनिटं कोमट करा. हात लावता येईल इतकाच. मऊ झालेला गोंद अंगठ्याने गोळा करत सोलता येतो, फोमचा जाड थर असेल तर जुनं एटीएम कार्ड तिरपं धरून सरकवा. बरंच काम इथेच होतं. उरलेल्यावर खोबरेल किंवा निलगिरी तेलात भिजवलेला कपडा १० मिनिटं ठेवा आणि पुसा. लगेच जोर लावू नका, पुन्हा भिजवा. ऑटोमोबाईलच्या दुकानात मिळणारा टार रिमूव्हरही चालतो, फक्त आधी रिमच्या आतल्या कोपऱ्यात थोडासा लावून बघा. कपड्यावर रंग आला तर थांबा.

खरी काळजी ब्रेकची घ्यायची. तेल असो, रॉकेल असो की स्प्रे, डिस्कवर किंवा पॅडवर गेलं की ब्रेक कमी लागतात. म्हणून कधीही थेट चाकावर फवारू नका, कपड्यावर घ्या. आतल्या बाजूचा गोंद असेल तर चाक काढूनच साफ करा. टायर रोटेशनला गाडी नेली की चाकं तशीही खाली येतात, तेव्हाच हे उरकणं सोपं. डिस्कवर थेंब पडलाच तर ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, पण पॅड तेलात भिजला असेल तर बदलावाच लागतो. पेट्रोलने पुसायची सवय अनेकांना आहे. हेअर ड्रायर आणि पेट्रोल एकाच ठिकाणी आलं तर काय होईल, हे सांगायला नको.

शेवटी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवा. नवीन वजन लावायच्या जागेवर मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट कपड्याला लावून एकदा फिरवा, जागा कोरडी होऊ द्या आणि वजन जोरात दाबून बसवा. चिकटायला वेळ लागतो, त्यामुळे पहिला दिवस वॉशिंग सेंटरवाल्याला तिथे प्रेशर मारू देऊ नका. जुनी वजनं शिशाची असतील तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.