तापलेल्या नगराच्या माथ्यावरील हिम

एग्मोर म्हटले की चेन्नईस जाऊन आलेल्या माणसाला १९०८ साली उघडलेले तेथील तांबडे रेल्वेस्थानक आठवते, आणि त्यामागोमाग अंगाची लाही करणारा उकाडा. या भूमीवर बर्फ दिसावयाचे ते सरबताच्या पेल्यात. परंतु याच एग्मोरच्या माथ्यावर सुमारे पाच किलोमीटर सरळ चढत गेले, तर भर उन्हाळ्यातही पाणी गोठविणारी थंडी भेटते. चेन्नईहून निघालेले प्रत्येक जेट विमान ही रेषा ओलांडून वर जाते. उष्ण देशातील मनुष्यास याची जाणीव सहसा नसते.

या आकाशाच्या वेधाचा आरंभ योगायोगाने एग्मोरमध्येच झाला. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम पेट्री याने तेथे आपली खासगी वेधशाळा थाटली. पुढे तिची उपकरणे सरकारकडे आली आणि १७९२ मध्ये शेजारच्या नुंगंबाक्कम येथे वेधशाळेची वास्तू उभी राहिली. काम मुख्यतः ताऱ्यांचे आणि रेखांशाच्या गणिताचे; पण ताऱ्यांकडे पाहणाऱ्यास हवेकडेही पाहावेच लागते. १७९६ पासून जॉन गोल्डिंगहॅम याने हवामानाच्या नोंदी ठेवल्या. १८९९ मध्ये ज्योतिर्वेधाचे कार्य कोडाईकनालच्या डोंगरावर गेले. हवामानाचे मात्र नुंगंबाक्कमलाच राहिले आणि आजही तेथेच चालते.

परंतु जमिनीवरच्या तापमापकास वरच्या थरांची वार्ता कशी कळावी? त्यासाठी फुगे सोडावे लागले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले के. आर. रामनाथन यांनी आग्र्याहून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी इतर देशांतील नोंदींशी ताडून १९२९ साली दाखवून दिले की, विषुववृत्तावर सुमारे सतरा किलोमीटर उंचीवर अत्यंत थंड हवेचे कडे आहे. जेथे पायाखालची भूमी तप्त, तेथेच माथ्यावरची हवा अतिशय गार!

या थंडीशी विमानाच्या एका लहानशा नळीची गाठ आहे. आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती योजिली. विमानात समोरून नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालचा दाब यांतील फरकावरून वेग कळतो. नळीचे तोंड बर्फाने बुजले की वेगमापक खोटे बोलू लागतो. म्हणून नळीला विजेची ऊब देतात, आणि मोठ्या विमानास एकीच्या जागी तीन नळ्या बसवितात. पण बर्फाने तिघींना एकाच वेळी गाठले तर?

१ जून २००९ रोजी असेच घडले. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे एअरबस विमान विषुववृत्तावरील मेघांत पस्तीस हजार फुटांवर असता हिमकणांनी नळ्या बुजल्या. वेगाचे आकडे विसंगत होताच स्वयंचालकाने सूत्रे वैमानिकांच्या हाती सोडली. नळ्या मिनिटाच्या आत मोकळ्या झाल्या. परंतु तेवढ्यात विमानाचे नाक वर ओढले गेले होते. वेग घटला, पंखांचा आधार सुटला, धोक्याची सूचना वाजत राहिली, तरी नाक खाली आले नाही. साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात कोसळले आणि २२८ जीव गेले.

अशा प्रसंगाची रीत साधी आहे. वेग कळेनासा झाला की विमानाचा कल आणि इंजिनांची शक्ती यांची आधीच ठरलेली जोडी धरावयाची. त्या जोडीस विमान किती वेगाने उडेल हे ठाऊक असते. मग एकेक उपकरण दुसऱ्याशी ताडून पाहावयाचे. घाईने काही करण्यापेक्षा ठाऊक असलेले स्थिर ठेवणे हेच येथे शहाणपण. अपघातानंतर नळ्या बदलल्या आणि हे शिक्षणही नव्याने दिले जाऊ लागले.

बिघडलेल्या उपकरणाची उणीव अदमासाने भरण्यातला धोका भारताने पूर्वीच अनुभवला होता. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. होमी भाभांसह ११७ जण गेले. दिशा दाखविणारे एक रेडिओ-उपकरण बैरूत सोडतानाच निकामी होते. वैमानिकाचा स्थानाचा अंदाज चुकला. नियंत्रकाने रडारवरून खरे स्थान सांगितले. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते आणि पर्वत मागे पडला असा समज कायम राहिला.

यंत्र निकामी होणे अटळ आहे. एकाच साक्षीवर विसंबणे मात्र अटळ नाही. एका नोंदीवर न थांबता दुसरी घ्यावी, ही वेधशाळेची जुनी सवय आहे. एग्मोरमध्ये लावलेल्या त्या रोपट्याचे मोल, तापलेल्या नगरावरून हिमात शिरणाऱ्या विमानातच अधिक कळते.