टॅलेंट कुणाचं, अनुभव कुणाचा? मिरवणुकीच्या वाद्यांचा इतिहास आणि आपली पथकं

फेब्रुवारी संपत आला की तळेगाव दाभाडे, देहूरोड, वडगाव, लोणावळा या पट्ट्यात जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणीचा विषय मिटला की वाद हमखास वाद्यपथकावर येतो. पथकात घ्यायचं कुणाला? एक गट म्हणतो, ज्याच्यात टॅलेंट आहे त्याला घ्या, बाकीचं तो शिकेल. दुसरा गट म्हणतो, मिरवणूक म्हणजे शाळा नाही, हात बसलेली माणसंच पाहिजेत. आमचं म्हणणं असं की यातला एकही शब्द निरागस नाही. दोन्ही शब्दांच्या पोटात जातीचा इतिहास आहे. तो न वाचता निवडीला बसलो, तर आपण आपलीच पोरं मनूच्या तराजूत तोलून बसू.

आधी 'टॅलेंट' घेऊ. जन्मजात गुणाच्या नावाखाली आपल्या माणसांना बाहेर काढण्याचा सगळ्यात मोठा कार्यक्रम इंग्रजांच्या फौजेने केला. बॉम्बे आर्मीत महार शिपाई पिढ्यानपिढ्या होते. 1 जानेवारी 1818 चं कोरेगाव आपल्याला पाठ आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पुढे रेटला आणि 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. विचार करा, पाऊण शतकाहून जास्त काळाचा रणांगणावरचा अनुभव समोर होता. तो खोडून टाकायला एक कल्पना पुरली: या माणसांच्या रक्तात ते नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी सरकारकडे अर्ज केले, आमच्या वाडवडिलांनी काय केलं ते पाहा म्हणून सांगितलं. ऐकतो कोण? मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली आणि 1917 मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, पलटण मोडली. दुसऱ्या महायुद्धात 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. म्हणजे गरज पडली की रक्तात गुण येतो, गरज सरली की जातो! भरतीच्या टेबलामागे बसलेला माणूस ज्याला टॅलेंट म्हणतो, ते अनेकदा त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतलं असतं.

आता 'अनुभव'. हा शब्द आपल्याला जास्त जवळचा वाटतो, कारण अनुभव आपल्याकडे भरपूर होता. पण तो आला कुठून? गावकीतून. हलगी, डफ, सनई, ढोल ही कामं मातंगांच्या आणि कित्येक गावांत महारांच्या गळ्यात जातीने बांधली होती. लग्न कुणाचंही असो, जत्रा कुठल्याही देवाची असो, वाजवणारा तोच. देवळाच्या पायरीखाली उभं राहून वाजवायचं आणि ओंजळीत पडेल ते घ्यायचं. दहा वर्षांच्या पोराचा हात असा बसलेला असायचा की आजच्या पथकातल्या पोरांनी तोंडात बोट घालावं. त्याला कुणी कलाकार म्हटलं? 'त्यांचं कामच ते,' एवढीच त्याची पावती.

पुण्याच्या गणपती मिरवणुकीत पूर्वी ढोल-लेझीम यायची ती मावळ, मुळशी, भोरकडच्या खेड्यांतून. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आप्पा पेंडशांच्या ज्ञान प्रबोधिनीने शहरातल्या शिकलेल्या मुलांच्या, नंतर मुलींच्याही, कमरेला ढोल बांधला. मग त्या वाटेने एकामागून एक पथकं निघाली. त्या मुलामुलींच्या मेहनतीबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. तासन्‌तास ढोल बांधून चालणं ही मस्करी नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तोच ढोल, तोच ताशा. गावकुसाबाहेरच्या हातात होता तेव्हा ती वेठ होती, शहरी हातात गेल्यावर ती संस्कृती झाली. आज पथकाची जाहिरात निघते, सराव होतो, निवड होते, फोटो छापून येतात. आणि ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या वाद्य आहे तो बँडवाला त्याच मिरवणुकीत 'भाड्याचा' ठरतो.

यात आपली एक गाठ आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या बैठकांत कुणी बोलत नाही. बाबासाहेबांच्या चळवळीने गावकीची कामं सोडायला शिकवलं. मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ठिकठिकाणी गावासाठी वाजवणंही सोडलं. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. स्वाभिमानाची ती किंमत होती आणि ती द्यायलाच हवी होती. पण त्याचा एक परिणाम झाला. ज्या आजोबाने हलगी खुंटीवरून काढून फेकली, त्याच्या नातवाचा हात कोरा राहिला. आज तो नातू जयंतीच्या पथकासाठी रांगेत उभा राहतो आणि आपण त्याला विचारतो, 'आधी कुठं वाजवलंय का?' त्याच्याकडे अनुभव नाही, कारण त्याच्या घराने अपमान नाकारला. हा त्याचा दोष म्हणायचा का?

तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे. तिथे जाऊन फोटो काढणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने 'जातिप्रथेचे विध्वंसन'मधला समतेवरचा भाग एकदा निवड समितीच्या नजरेने वाचावा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 मध्ये लिहिलेलं आणि तिथे होऊ न शकलेलं हे भाषण. बाबासाहेब तिथे मान्य करतात की माणसं सारखी नसतात. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: शरीराचा वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा (आईबापांची काळजी, शिक्षण, साधनं) आणि माणसाची स्वतःची धडपड. तिसऱ्या गोष्टीत जो पुढे, त्याला पुढे ठेवायला त्यांची हरकत नाही. पण पहिल्या दोन गोष्टींवर निवड केली, तर ती लायक माणसाची निवड होत नाही, आधीच सगळं मिळालेल्याची होते. म्हणून शर्यत सुरू होतानाच सगळ्यांना शक्य तितकं एका रेषेवर आणा, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद ढोलाला लावून बघा. दहा मिनिटांच्या चाचणीत आपल्याला काय ऐकू येतं? पहिल्या दोन गोष्टीच. ज्याच्या घरी ताशा आहे, ज्याचा मामा बँडमध्ये आहे, ज्याला शहरातल्या पथकाची फी आणि प्रवास परवडला, तो चमकतो. कंपनीतली पाळी संपवून आलेला, टिपरू पहिल्यांदाच हातात धरलेला पोरगा मागे पडतो. त्याची धडपड दहा मिनिटांत दिसत नाही. ती सहा आठवड्यांच्या सरावात दिसते, आणि खरी दिसते ती मिरवणुकीच्या चौथ्या तासाला, जेव्हा दोरीने कंबर सोललेली असते, तळहाताला फोड आलेले असतात आणि तरीही पाऊल आणि ठेका जुळवावा लागतो.

बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच शहरात जेम्स रीझ युरोप नावाचा काळा बँडमास्टर हाच पेच सोडवत होता. 1912 मध्ये त्याने कार्नेगी हॉलमध्ये शंभराहून जास्त काळ्या वादकांचा ताफा उभा केला. त्यातल्या अनेकांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांच्या सोबत बसवून त्याने त्यांना वाजवतं केलं. पुढे काळ्या सैनिकांच्या पलटणीचा बँड बांधायची वेळ आली तेव्हा क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्यं वाजवणारे तयार लोक हार्लेममध्ये पुरेसे मिळेनात. 1917 मध्ये तो थेट पोर्तो रिकोला गेला आणि तिथल्या बँडमध्ये तयार झालेले वादक घेऊन आला. हार्लेमच्या पोरांत टॅलेंट नव्हतं का? शिकायची सोय नव्हती, पोर्तो रिकोत ती होती. जिथे शिकवून भागतं तिथे त्याने शिकवलं, जिथे वेळ नव्हता तिथे तयार हात आणले, आणि त्यांना चांगला पैसा मिळावा म्हणून अडून बसला. 17 फेब्रुवारी 1919 ला ती पलटण याच बँडमागे फिफ्थ ॲव्हेन्यूवरून हार्लेमपर्यंत चालली.

आपल्या पथकातही सगळ्या जागा सारख्या नाहीत. ताशा पुढे असतो, चाल तो देतो, ठेका बदलायचा इशारा त्याचा. तिथे कच्चा हात चालत नाही. एक ताशेवाला चुकला की चाळीस ढोल चुकतात. तिथे अनुभव घ्या, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्या. मावळातल्या मातंग वस्त्यांतल्या बँडवाल्या काकांना बोलवा. आपण 1 ऑगस्टला अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालतो आणि 14 एप्रिलला त्यांच्याच माणसांशी दराची घासाघीस करतो, हे आता थांबलं पाहिजे. त्यांना सुपारी देऊन वाजवायला आणण्यापेक्षा वस्ताद म्हणून आणा, ठरलेलं मानधन सराव सुरू होण्याआधी हातात द्या आणि पथकाच्या फलकावर त्यांचं नाव वर लिहा.

ढोलाच्या रांगेचं गणित वेगळं आहे. तिथे पहिल्या दिवशी कुणाला काय येतं हे विचारूच नका. जो येईल त्याला घ्या, सहा आठवडे शिकवा आणि निवड शेवटी करा. कोण रोज आला, कोण शेजारच्याचं ऐकून वाजवतो, कोण चालताना ठेका सोडत नाही, एवढं बघा. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांनी 1970-80 च्या दशकांत चाचणीच्या वेळी वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावायला सुरुवात केली, म्हणजे वाजवणारा कोण ते दिसू नये. क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राऊज यांनी 2000 साली त्यावर लिहिताना पडद्याचा फायदा बायकांना झाला असा निष्कर्ष काढला. चालत्या पथकाला पडदा लावता येत नाही हे खरं. पण यादीत आडनाव न लिहिता नंबर लिहिता येतो. आपल्यातही पोटजात आणि वस्ती बघून माणूस जोखणारे आहेत, उगाच नाही म्हणायला नको.

आणि मुलींचं काय? बहुतेक पथकांत त्यांना झेंडा देतात, फार तर झांज. 'ढोल पेलवणार नाही' म्हणतात. तळेगावहून लोकलने मळवलीला उतरा आणि भाजे लेणी चढा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बौद्ध लेण्यांत एक स्त्री जोडवाद्य वाजवताना कोरली आहे आणि तिच्या शेजारी दुसरी नाचते आहे. लेणी बघायला पथकातल्या सगळ्यांना न्या, मुलांना आधी.

1928 मध्ये जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात पहिली सार्वजनिक भीमजयंती साजरी केली, तेव्हापासून मिरवणूक आपली आहे. यंदा डीजेच्या भिंतीवर जाणाऱ्या पैशांतला अर्धा भाग वस्तादांच्या मानधनाला आणि ढोलांच्या पानांना लावा. सरावाची जागा मार्चच्या पहिल्या रविवारच्या आत ठरली पाहिजे. सहा आठवडे त्यानंतर मोजायचे आहेत.