‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता’... घरोघरी ऐकू येणाऱ्या अशा वाक्यांनी बाळाच्या आईला तात्पुरता धीर मिळतो. परंतु अनेकदा त्याच भरवशावर उपचारांचा मोलाचा काळ निघून जातो. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची जडणघडण अत्यंत वेगाने होत असते. या काळात अपंगत्व किंवा विकासातील विलंब ओळखून बाळाला आणि त्याच्या कुटुंबाला दिलेल्या मदतीस ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. अंतिम निदानाची वाट न पाहताही ही मदत सुरू करता येते.

वेळेचे गणित

काही दोषांच्या बाबतीत ही मुदत दिवसांत मोजावी लागते. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेवर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाल्यास बौद्धिक हानी बहुतांशी टळते. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी ३० दिवसांच्या आत होणे आवश्यक असते. उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. श्रवणदोषाबाबत पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा जगभर मान्य असलेला संकेत आहे. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस असते, असे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील १९९८ च्या अभ्यासात आढळले.

सावध कधी व्हावे?

- दोन-तीन महिन्यांपर्यंत बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसल्यास
- चार-पाच महिन्यांपर्यंत मान धरत नसल्यास
- नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसल्यास किंवा ‘बाबा’, ‘दादा’ असे बोबडे ध्वनी काढत नसल्यास
- दीड वर्षापर्यंत चालत नसल्यास, बोटाने वस्तू दाखवत नसल्यास किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसल्यास
- आधी येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात येईनाशी झाल्यास

अकाली जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना किती आठवडे आधी जन्म झाला, हे डॉक्टर विचारात घेतात. ही लक्षणे म्हणजे निदान नव्हे. तपासणीसाठी मात्र ती पुरेशी आहेत. तपासणी केल्याने बाळावर कोणताही शिक्का बसत नाही.

घर हेच उपचार केंद्र

थेरपिस्टकडे आठवड्यातून तासभर जाणे होते. बाळाचा उरलेला सारा वेळ घरात जातो. त्यामुळे घरच्यांना शिकवणे, हाच या उपचारपद्धतीचा गाभा आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलांसाठी अशा सेवांची व्यवस्था करताना आराखडा केवळ मुलाचा नव्हे, तर कुटुंबाचा असावा, असे ठरवण्यात आले.

प्रत्यक्षात करावयाच्या गोष्टी साध्या असतात. सेरेब्रल पाल्सीत पाय ताठ होऊन एकमेकांवर येत असतील, तर बाळाला कडेवर घेताना त्याचे पाय आपल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवणे, बाळ ज्या वस्तूकडे पाहील तिचे नाव उच्चारणे, मागण्याआधीच खेळणे हाती न देता क्षणभर थांबणे, या गोष्टी आंघोळ घालताना, भरवताना सहज करता येतात. हे सारे एकट्या आईवर सोपवून तिलाच दोष देणारे घर बाळाचेही नुकसान करते. वडील आणि आजी-आजोबांनी हे तंत्र शिकून घेतल्यास आईला विसावा आणि बाळाला अधिक सराव मिळतो.

हस्तक्षेपाने प्रत्येक अपंगत्व नाहीसे होत नाही. मात्र चालणे, बोलणे, स्वतःच्या हाताने जेवणे यांत मूल कुठवर मजल मारेल, यात त्याचा मोठा वाटा असतो. ‘हमखास बरे करू’ अशा दाव्यांपासून पालकांनी दूर राहावे.

सोय कोठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरजू बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २०२१ मध्ये सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी असे केंद्र सुरू झाले. ‘उम्मीद’ ही संस्था मुंबईत २००१ पासून बालविकासाच्या क्षेत्रात कार्यरत आहे.

खासगी रुग्णालयात जन्मलेले आणि अंगणवाडीत न जाणारे शहरी बालक मात्र या फेऱ्यांतून सुटू शकते. बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे; तरीही अशा घरांत पुढाकार पालकांनाच घ्यावा लागतो. सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने आणि दीड वर्षाच्या सुमारास लसीकरणासाठी बाळाला दवाखान्यात न्यावेच लागते. या प्रत्येक भेटीत ‘बाळाचा विकास वयानुसार आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. समाधान न झाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.