सायकलवरचे गुप्तहेर

परवा बऱ्याच वर्षांनी 'बीएमएक्स बॅन्डिट्स' पाहिला. १९८३ चा ऑस्ट्रेलियन सिनेमा, दिग्दर्शक ब्रायन ट्रेन्चर्ड-स्मिथ. सिडनीतल्या तीन पोरांच्या हाती दरोडेखोरांचे वॉकीटॉकी लागतात, मग चोर गाडीतून मागे आणि पोरं सायकलवर पुढे. त्यात एक कुरळ्या केसांची मुलगी आहे, ती निकोल किडमन! तेव्हा तिला कोण ओळखत होतं?

पाहताना सारखं वाटत होतं, अरे, हा तर आपला फास्टर फेणे!

मंडळी, फुरसुंगीचा बनेश फेणे तुम्हाला मी काय सांगणार? काडीपैलवान अंगकाठी, जिभेने 'ट्टॉक्' करायची सवय आणि पायाखाली सुसाट सायकल. भा. रा. भागवतांनी (१९१०-२००१) त्याच्यावर वीसेक पुस्तकं लिहिली. ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत नेणारेही तेच. ऐंशीच्या दशकात फेणे दूरदर्शनवर आला, तेव्हा सुमीत राघवन फेणे झाला होता.

पण या खानदानाचा मूळपुरुष आणखी जुना. १९२९ साली एरिश केस्टनरने जर्मनीत 'एमिल'ची गोष्ट लिहिली. रेल्वेत एमिलचे पैसे चोरीला जातात आणि बर्लिनची पोरं जमून चोराचा माग काढतात. त्यात एमिलची मावसबहीण सायकलवरून बातम्या घेऊन येते. म्हणजे सायकलवाली मुलगी किडमनच्या पन्नासेक वर्षं आधीच हजर होती :-)

आता प्रश्न असा, की या सगळ्यांना सायकलच का लागते? मला वाटतं, सायकल हे मुलाच्या मालकीचं पहिलं वाहन. पेट्रोलसाठी बाबांकडे हात पसरायला नको, लायसन्स नको. आवाज नाही. बोळात शिरते, कुंपणावरून उचलून पलीकडे टाकता येते. चोराकडे गाडी असते, पण गाडीला रस्ता लागतो. शिवाय शाळकरी पोर सायकलवरून चार वेळा समोरून गेलं तरी कुणी त्याच्याकडे संशयाने बघत नाही. आणि फेणेचं पुणं तर सायकलींचंच शहर होतं.

आम्ही तारापूरची मुलं. अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, आमचा जन्म त्यानंतरचा. तासावर भाड्याची सायकल घ्यायची, नळीखालून पाय घालून हाणायची आणि थेट चिंचणी गाठायची. माझ्या मावसभावंडांना आठवत असेल, किनाऱ्यावर कुणी अनोळखी माणूस दिसला की तो आमच्या लेखी स्मगलरच! एकही चोर सापडला नाही ही गोष्ट वेगळी. पण तासाभरात आपण कुठे आहोत हे घरी कुणाला ठाऊक नसायचं, आणि त्याची कुणाला काळजीही नसायची.

२०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांचा 'फास्टर फेणे' आला. अमेय वाघ झकास, गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर अंगावर येतो. दिलीप प्रभावळकर स्वतः भागवतांच्या भूमिकेत, हे तर आमच्यासारख्यांना खास बक्षीस. पण यातला फेणे शाळकरी नाही, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण आहे. परीक्षेतल्या घोटाळ्याचा छडा लावायचा तर वय वाढवणं भाग होतं, हे मान्य. तरी एक शंका मनात राहिलीच. आज बारा-तेरा वर्षांचं पोर शहरभर एकटं हिंडून चोर पकडतं, हे प्रेक्षकांतल्या आईबापांना पटलं असतं का?

मलाच पटलं नसतं बहुधा. माझा भाचा बोईसरला असतो. त्याच्याकडे गिअरची सायकल आहे, आमच्या भाड्याच्या सायकलीपेक्षा दहापट चांगली. ती सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरते. बाहेर एमआयडीसीचे टँकर आणि ट्रक धावतात, तेव्हा बहिणीला दोष कसा देणार? पण भागवतांच्या पुस्तकांनी आम्हाला जे दिलं ते केवळ वाचून मिळालं नव्हतं. पुस्तक मिटल्यावर बाहेर एक रस्ता होता आणि त्यावर जायची मुभा होती.

असो. भाच्याला फेणेची चार पुस्तकं दिली आहेत. पुढच्या सुट्टीत सायकल टेम्पोत घालून त्याला चिंचणीला नेणार आहे, ओहोटीची वेळ बघून. मी सुरूच्या झाडाखाली बसून राहीन. तो कुठवर गेला हे विचारायचं नाही, असं आत्ता तरी ठरवलंय.