मुसळापासून आकड्यापर्यंत : मोडून निखळलेल्या खांद्याची कुळकथा

निखळलेला खांदा बसवण्याची विद्या फार प्राचीन आहे. मात्र दंडाचे हाड अखंड आहे असे गृहीत धरूनच ती वाढली, आणि खांदा निखळतानाच ते हाड मोडले तर काय करावे हा प्रश्न दीर्घकाळ तसाच राहिला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे दोन वर्ग आहेत : सांधा सुटलेला तो संधिमुक्त, त्याचे सहा प्रकार, आणि हाडाचा दांडा मोडलेला तो कांडभग्न, त्याचे बारा. संधिमुक्तातील ‘उत्पिष्ट’, म्हणजे सांधा चिरडलेला प्रकार, या जोडदुखापतीच्या सर्वांत जवळचा. तथापि चिकित्सास्थानात खांद्यासाठी सांगितलेली रीत अशी की, काखेत मुसळ देऊन ती वर उचलावी आणि सांधा जागी आल्यावर स्वस्तिकबंधाने, म्हणजे फुलीसारख्या गुंडाळलेल्या पट्टीने, बांधावा. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रीक ग्रंथातही मुसळाची रीत आढळते. कोणी कोणाकडून घेतली हा वाद निष्फळ आहे, कारण मुसळ घरोघरी होते आणि काख सर्वांची सारखीच.

यात मुसळ टेकूचे काम करते आणि हात तरफेचे, त्यामुळे हाडाचा गोल माथा खोबणीत सरकतो. माथ्याखालची मान मोडलेली असेल तर मात्र हाताची ओढ माथ्यापर्यंत पोहोचतच नाही, उलट हाडाची टोके काखेतील नसांना आणि रक्तवाहिन्यांना इजा करू शकतात. म्हणून काही जुने शल्यविशारद आधी मोड सांधू देत व मग खांदा बसवू पाहत. तर्काला हे पटते, पण तोवर सांधा आखडून गेलेला असे. न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी (आंत्रपुच्छदाहाच्या निदानातील ‘मॅकबर्नी बिंदू’ तो यांचाच) यांनी १८९४ मध्ये सरळ वाट मांडली : खांदा उघडून वरच्या तुकड्याला भोक पाडावे, त्यात आकडा अडकवावा आणि माथाच ओढावा. पुढच्याच वर्षी रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि हात लावण्यापूर्वी मोड दिसण्याची सोय झाली. १९७० मध्ये चार्ल्स नीर यांनी माथा, दोन उंचवटे आणि दांडा अशा चार भागांवरून या दुखापतींचे वर्गीकरण केले.

आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीसारख्या गावात असा खांदा मोडून निखळलेल्या जखमीला आज आदिलाबादच्या, २००८ मध्ये सुरू झालेल्या, राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नेता येते. परंतु क्ष-किरण चित्र काढण्याआधीच कोणी हात ओढून पाहिला, तर जागेवर असलेला मोडही सरकतो, आणि मग पट्टी-स्क्रूने तुकडे जोडणे किंवा, माथ्याचा रक्तपुरवठा तुटला असल्यास, कृत्रिम सांधा बसवणे भाग पडू शकते.